पंक्चरच्या पुढचं काम: चाकाचा आऊट असा काढा की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येणार नाही



"सर, मला पंक्चर काढता येतं, चेन बसवता येते, ब्रेक आवळता येतो. एवढ्यावर कड्यात सायकलचं दुकान चालेल का? नाही चाललं तर यंदाही घरच्यांबरोबर कारखान्यावर जावं लागेल."

हा प्रश्न मला एका शिकाऊ मुलाने विचारला. बीड जिल्ह्यातल्या वाचकांना त्याचा अर्थ फोडून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कडा हे आष्टी तालुक्यातलं बाजाराचं गाव. या भागातली कितीतरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती पार उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे हा मुलगा मला नुसता धंद्याचा सल्ला विचारत नव्हता. यंदा कोयता हातात घ्यायचा की पाना, हे त्याला ठरवायचं होतं.

मी त्याला खरं ते सांगितलं. नुसत्या पंक्चरवर दुकान चालणार नाही. पंक्चर काढणारे गावात आधीच आहेत. मोटारसायकलचं पंक्चर काढणाराही सायकलचं काढून देतो. पण चाक डुगडुगायला लागलं, तारा तुटायला लागल्या की बरेच जण एकच उत्तर देतात, "रिंग बदला." जिथे बाकीचे रिंग बदलायला सांगतात, तिथे तुम्ही चाक वाचवून दिलंत तर तुमचं दुकान वेगळं ठरतं.

व्हिडिओत हात दिसतात, पण कामाचा क्रम आणि आकडे निसटतात. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहून देतोय. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आधी माझी चूक ऐका

मी विशीत असताना एका सायकल दुकानात शिकत होतो. एक दूधवाले काका यायचे. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन, रोजचा लांबचा फेरा. त्यांचं मागचं चाक आऊट झालं होतं. म्हणजे फिरताना रिंग डावी-उजवीकडे हलत होती. मिस्त्री बाहेर गेले होते. मी चावी घेतली, रिंग जिकडे झुकली होती तिच्या उलट बाजूच्या तारा आवळल्या आणि वीस मिनिटांत चाक सरळ केलं. पैसे घेतले. खूप आनंद झाला.

चौथ्या दिवशी काका सायकल ढकलत आले. दोन तारा तुटल्या होत्या, रिंग मडगार्डला घासत होती, आणि अर्धं दूध रस्त्यावर सांडलं होतं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसे परत नकोत. उद्या पहाटे मला सायकल पाहिजे."

मिस्त्रींनी मला शिवी दिली नाही. एका तारेला बोटाने छेडलं, ती टणकन वाजली. शेजारची छेडली, ती थप्प. म्हणाले, "चाक सरळ दिसतंय. पण काही तारा मरमर मरतायत आणि काही आराम करतायत. असं चाक किती दिवस सरळ राहील?"

आजच्या लेखाचा सगळा सार त्यात आहे. चाक सरळ दिसणं वेगळं आणि सरळ राहणं वेगळं. गिऱ्हाईक पैसे देतं ते सरळ राहण्याचे.

सायकलचं चाक बैलगाडीच्या चाकासारखं नसतं

बैलगाडीचं जुनं लाकडी चाक आठवा. मधे तुंबा, त्यातून निघालेले जाड आरे, वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. तिथे ओझं खालच्या आऱ्यावर दाबून बसतं. आरा म्हणजे खांब.

सायकलची तार दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची. ती खांब होऊच शकत नाही, दाबली की वाकेल. ती ताणल्यावरच ताकद देते. सगळ्या तारा रिंगला चहूबाजूंनी आत ओढून धरतात, म्हणून चाक उभं राहतं. फ्रान्समध्ये युजीन मेयर याने १८६९ मध्ये ताणलेल्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. आजही तुमच्या दुकानात येणारं चाक त्याच तत्त्वावर चालतं.

चाक फिरताना प्रत्येक तार खाली आली की तिचा ताण थोडा कमी होतो, वर गेली की परत वाढतो. तार पुरेशी ताणलेली असेल तर हा फरक ती सहज सोसते. सैल असेल तर प्रत्येक फेऱ्याला हबजवळच्या वाकलेल्या कोपऱ्यात हलते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की कशी तुटते? तसंच. म्हणून तार बहुतेक वेळा हबजवळच्या कोपऱ्यात तुटते, आणि मागच्या चाकाची जास्त तुटते, कारण ओझं मागे असतं. "तार तुटली म्हणजे जास्त आवळली होती" हा समज नेहमी खरा नसतो. कितीदा तरी ती सैल होती म्हणूनच तुटलेली असते.

चावी हातात घेण्याआधी चार गोष्टी तपासा

१. हब. चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. कट-कट लागलं तर कोन सैल आहे किंवा छर्रे झिजलेत. हब सैल असताना आऊट काढाल तर खोटा आऊट काढाल. आधी हब खोला, जुनं ग्रीस पुसा, छर्रे आणि वाट्या बघा. साध्या सायकलीत बहुधा पुढे ३/१६ इंचाचे आणि मागे १/४ इंचाचे छर्रे असतात. काढताना मोजा, आणि एखादा खराब असेल तर त्या बाजूचे सगळे बदला. कोन असा बसवा की चाक हातात हलत नाही, पण सोडलं की वॉल्व्हच्या वजनाने आपोआप झुलून थांबतं.

२. रिंग. निपलच्या भोकाजवळ तडा आहे का? खड्ड्यात आपटून चेंबली आहे का? तडा असेल तर ती रिंग वाचत नाही, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. रिंग खूपच वाकडी असेल तर त्या भागातल्या तारा सैल करून बघा. सैल केल्यावर रिंग बरीचशी आपोआप सरळ झाली, तर दोष तारांचा. तरीही वाकडीच राहिली, तर धातूच वाकलाय. तो तारांनी ओढून सरळ केला तरी टिकत नाही.

३. तारा. तुटलेली, वाकलेली, गंजून बारीक झालेली तार आधी बदला. जुनी तार सोबत ठेवून लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. वाकलेल्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत. फ्रीव्हीलच्या बाजूची तार बदलताना फ्रीव्हील काढायचा कंटाळा करून तार मुरडून घालू नका. ती पुन्हा तिथेच तुटते.

४. निपल. प्रत्येक निपलला तेलाचा एक थेंब तारेच्या बाजूने, एक रिंगच्या भोकात. दहा मिनिटं थांबा. निपलला पक्कड लावायची नाही. कडा गेल्या की ते निपल कायमचं गेलं. चावी निपलला घट्ट बसणारीच घ्या.

आऊट काढायचा क्रम

स्टँड नसेल तर अडू नका. सायकल उलटी करा, किंवा भंगारातून जुना चिमटा आणून टेबलाला पक्का बसवा. चिमट्याच्या दोन्ही पायांना एक-एक प्लास्टिकची पट्टी बांधा आणि टोक रिंगच्या अगदी जवळ आणा. झाला तुमचा स्टँड.

दिशा पाठ करा. टायरच्या बाजूने, म्हणजे निपलच्या डोक्याकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवल्यावर तार ताणली जाते. हबच्या बाजूने पाहिलं तर उलटं दिसतं. शिकाऊंची सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. पहिल्या आठवड्यात भिंतीवर चित्र काढून लावा, लाजू नका.

पहिलं, डावं-उजवं. चाक हळू फिरवा. रिंग जिथे उजव्या पट्टीला लागते तिथे खडूची खूण करा. त्या भागात हबच्या डाव्या बाजूला जाणाऱ्या तारा थोड्या आवळा आणि उजव्या बाजूच्या तेवढ्याच सैल करा. मधल्या तारेला अर्धा फेरा, शेजारच्यांना पाव. त्याहून जास्त एका वेळी नाही. फिरवून बघा, मग पुढचा सगळ्यात मोठा आऊट घ्या. मी दूधवाल्या काकांच्या चाकाला फक्त आवळत गेलो होतो, सैल एकही केली नव्हती. चूक तिथे झाली.

दुसरं, वर-खाली. आता बाजूने बघा. रिंग उड्या मारते का? जिथे बाहेर आलीय तिथल्या डाव्या आणि उजव्या तारा जोडीने सारख्या आवळा. जिथे आत गेलीय तिथल्या जोडीने सैल करा. जोडीने केलं की आधीचा डावा-उजवा आऊट फारसा बिघडत नाही. तरी प्रत्येक फेरीनंतर पहिली तपासणी पुन्हा करा.

तिसरं, मधोमध. चाक काढून उलट्या बाजूने त्याच स्टँडमध्ये बसवा. आता रिंग दुसऱ्याच पट्टीकडे सरकलेली दिसली तर चाक मधोमध नाही. रिंगला ज्या बाजूला आणायचंय त्या बाजूच्या सगळ्या तारांना पाव-पाव फेरा द्या.

चौथं, ताण. हे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि चाक परत येतं ते याच्यामुळेच. एका बाजूच्या तारा एकामागून एक बोटाने छेडा. वारकऱ्याच्या खांद्यावरची वीणा किंवा एकतारी लावताना बघितली असेल. कान तसाच लावायचा. पुढच्या चाकाच्या सगळ्या तारा जवळपास एकाच सुरात वाजायला हव्यात. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचा सूर थोडा चढा असू शकतो, पण एका बाजूच्या तारा आपापसात जुळायला हव्यात. एखादी थप्प वाजली तर ती आवळा आणि तिच्या त्याच बाजूच्या शेजारणी किंचित सैल करा.

पाचवं, पीळ मोडा. निपल फिरवताना तारही थोडी पिळली जाते. तो पीळ आत राहिला तर रस्त्यावर गेल्यावर सुटतो आणि चाक पुन्हा आऊट होतं. म्हणून हातमोजे घाला, एकाच बाजूच्या शेजारच्या दोन तारा मुठीत धरून जोरात दाबा. असं पूर्ण चाकाला, दोन्ही बाजूंनी. टिक-टिक आवाज आला तर घाबरू नका. तो आवाज दुकानात आला हे बरं, रस्त्यावर नको. आता पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासा.

किती सरळ म्हणजे सरळ? एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. रिंग आणि पट्टी यांच्यात कार्ड जाईल एवढी फट ठेवा. पूर्ण फेऱ्यात रिंग पट्टीला लागली नाही आणि फट दोन कार्डांच्या पुढे गेली नाही, तर रोजच्या सायकलीसाठी काम चोख झालं.

शेवटी टायर चढवण्याआधी रिंगच्या आतून बोट फिरवा, जपून. आवळलेल्या तारेचं टोक निपलच्या बाहेर आलं असेल तर कानसने घासा आणि रिंगपट्टी नीट बसवा. नाहीतर आऊट काढून दिला आणि दुसऱ्या दिवशी आतून पंक्चर, असं होतं. गिऱ्हाईक तुम्हालाच बोल लावणार, आणि बरोबरच आहे.

टायरचा माप-घोळ

नवीन दुकानदाराचे पैसे इथे अडकतात. "छब्बीसचा टायर द्या" म्हटलं की छब्बीस एकच नसतो. बऱ्याच साध्या लेडीज सायकलींचा २६ × १ ३/८ आणि जाड टायरच्या गिअर सायकलीचा २६ × १.९५ हे एकमेकांच्या रिंगवर बसत नाहीत. टायरच्या बाजूला ३७-५९० असा छोटा आकडा कोरलेला असतो. त्यातला दुसरा आकडा म्हणजे टायर रिंगवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. वहीत लिहून ठेवा:

- २६ × १ ३/८ : ५९०
- २६ × १.७५, १.९५, २.१० : ५५९
- जुनी काळी सायकल, २८ × १ १/२ : ६३५
- २७.५ ची गिअर सायकल : ५८४
- २९ ची गिअर सायकल आणि ७००सी : ६२२

२८ आणि २९ ऐकायला शेजारी वाटतात, पण २८ × १ १/२ ची रिंग २९ पेक्षा मोठी आहे! म्हणून माल भरताना नावावर जाऊ नका, हा आकडा बघा. आणि सुरुवातीला सगळी मापं भरू नका. महिनाभर गावात कोणत्या सायकली जास्त दिसतात ते मोजा, मग त्याच मापांच्या तारा, ट्यूब, टायर ठेवा. बाकीचं नगरहून गरजेप्रमाणे आणता येतं.

हिशोब: परत आलेलं चाक फुकट असतं

हे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी धरलेत. तुमच्या बाजारातला दर टाकून स्वतः मांडा.

समजा, एका चाकाचा आऊट आणि हबचं ग्रीसिंग मिळून १५० रुपये. माल २५ रुपयांचा. वेळ ४५ मिनिटं. हातात १२५. अशी चार चाकं तीन तासांत झाली तर ५००. पंक्चर समजा ३० रुपयांचं. ५०० साठी सतरा पंक्चरं पाहिजेत, आणि ती सतरा माणसं तुमच्याच दारात यायला पाहिजेत.

आता तेच चाक चार दिवसांनी परत आलं. पुन्हा ४५ मिनिटं, पैसे शून्य. म्हणजे दीड तासाला १२५ रुपये. वर ते गिऱ्हाईक चार जणांना सांगतं ते वेगळं. ताण जुळवायला आणि पीळ मोडायला लागणारी जादा दहा मिनिटं तुम्हाला महाग वाटतात, पण ती दुकानातली सगळ्यात स्वस्त दहा मिनिटं आहेत.

माझा नियम सांगतो. चाक देताना गिऱ्हाइकाला म्हणा, "आठ दिवसांनी पाच मिनिटं दाखवून जा, पैसे नाहीत." नवीन बांधलेलं किंवा खूप आऊट काढलेलं चाक थोडं बसतं, तेव्हा एकदा बघावंच लागतं. माणूस तक्रार घेऊन परत आला तर नाव जातं. तुम्ही बोलावल्यावर आला तर नाव होतं.

हंगाम ओळखा

आपल्याकडे जूनच्या मध्यावर शाळा उघडते. त्याआधीचे पंधरा दिवस तुमचे. उन्हाळाभर पडवीत पडलेल्या सायकली बाहेर निघतात. शाळेच्या वाटेवर बोर्ड लावा: "दोन्ही चाकं, ब्रेक, ग्रीसिंग, एकच दर." शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्यांच्या तारा पहिल्या काही महिन्यांतच तपासायला हव्यात. त्याच रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली जातात. अशा रस्त्यावर मुलीचं चाक अचानक बसलं तर काय होईल, याचा विचार करून काम करा. चाक दुरुस्त करणाऱ्यावर ही जबाबदारी असतेच.

हंगामात गावातली माणसं कमी होतात, गल्ल्यातही कमी येतं. त्या दिवसांत जुनी चाकं भंगारातून घेऊन बांधून ठेवा. तयार चाक विकता येतं.

सुरुवातीला कर्ज काढू नका. चावी, पाने, कोनाचा पाना, फ्रीव्हील काढायचा पाना, पंप, ग्रीस आणि भंगारातला चिमटा एवढ्यावर काम सुरू होतं. पुढे लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

आणि "सायकलचं दुकान म्हणजे काय धंदा आहे का?" असं कोणी म्हटलं तर त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात सांगा. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान. पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. प्रत्येकाचा कारखाना होईल असं मी म्हणत नाही. पण हातातलं काम नीट समजून घेणाऱ्याला पुढची वाट दिसते, एवढं नक्की.

या महिन्याचा गृहपाठ

भंगारवाल्याकडून एक आऊट झालेलं चाक घ्या. आधी फोटो काढा. प्रत्येक तार दुसऱ्या किती तारांना ओलांडते ते मोजा. बऱ्याच चाकांत तीन असतात. मग सगळ्या तारा काढा आणि पुन्हा भरा. पहिल्यांदा अख्खा दिवस जाईल, जाऊ द्या. तेच चाक दहा वेळा बांधा. दहाव्या वेळी तुमचा कानच सांगेल की कोणती तार आळशी आहे. त्यानंतर ओळखीतल्या वीस सायकलींचे आऊट काढा आणि प्रत्येकाची तारीख वहीत लिहा. महिन्याभरात किती परत आल्या, तेही लिहा.

कड्याच्या त्या मुलालाही मी हेच सांगितलं. उचल नाकार, असं मी म्हणालो नाही. घर त्याचं आहे, पोट त्याचं आहे. म्हणालो, "दसऱ्याला अजून अवकाश आहे. वीस चाकं कर. वीसपैकी एखाददुसरंच परत आलं तर वही घेऊन घरच्यांसमोर बस. सहा-सात परत आली तर अजून शीक, घाई करू नकोस. निर्णय माझ्या भाषणावर घेऊ नकोस, वहीवर घे."

तुम्हीही वही घाला. वीस चाकं झाली की किती परत आली ते खाली कमेंटमध्ये लिहा. आकडा वाईट असला तरी लिहा. नेमकं कुठे चुकतंय ते आपण मिळून बघू.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.